राजवाड्यावर लाल दिवे हवेत की दुसरीच्या वर्गात वाचनतपासणी?

माचीपेठेतली आई
ऑक्टोबर हा डिस्लेक्सिया जनजागृतीचा महिना. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन अडतं ती अध्ययन अक्षमता. ओळखीतल्या काही पालकांचं म्हणणं, साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत फेरी काढू, जागृतीची खूण म्हणून लाल दिवे लावू. माझा विरोध आहे. तीच धावपळ जिल्ह्यातल्या दुसरीच्या प्रत्येक मुलाचं वाचन तपासून घेण्यासाठी करावी.

माझा मुलगा ऐकलेली गोष्ट पात्रांच्या आवाजांसकट सांगतो. पण पुस्तकात ‘गर्दी’ आलं की ‘गदरी’ वाचतो, पुढच्याच ओळीत ‘गदी’. बाई म्हणतात, लक्ष नसतं त्याचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमता आहे आणि ती लवकरात लवकर ओळखा, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे आपण कुणाकडे मेहेरबानी मागत नाही आहोत.

जावळीतला गुरुजी
ताई, कळकळ समजते, पण पटत नाही. आमची शाळा दोनशिक्षकी, वर्ग चार, वर ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. तपासायचं कुणी? आणि यादी केली तरी त्या मुलांना पुढं शिकवणार कोण?

दुसरं, वाचता न येणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाबरोबर निम्मं वर्ष फडात काढलेलं पोरगं अडखळणारच. त्याला शिकवायचं सोडून शिक्का मारायचा का?

माचीपेठेतली आई
शिक्का नकोच, गुरुजी. आधी अक्षर आणि आवाज यांची जोडी पक्की करून घ्यायची, शब्द तोडून-जोडून वाचून घ्यायचे, वाळूत बोटानं गिरवून घ्यायचं. ऊसतोडीवरून आलेल्या मुलालाही त्याचा फायदाच. नीट शिकवूनही जे मूल तिथंच अडकतं, त्याला तज्ज्ञांकडे पाठवायचं. प्रमाणपत्र मूल साधारण आठ वर्षांचं झाल्यावर मिळतं. तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? प्रश्न वाचून दाखवायला कागद लागत नाही.

दहावीचा पालक
स्पष्ट बोलतो. प्रमाणपत्र असलं की बोर्डात तासाला वीस मिनिटं जादा, वर लेखनिक. माझी लेक रात्र-रात्र जागते, तिनं काय करायचं? जागृती वाढली की प्रमाणपत्रासाठी रांगा लागतील, त्यात खोटेही घुसतील.

विशेष शिक्षिका, कराड
खोट्यांना पकडा, खऱ्यांची वाट अडवू नका. जादा वेळानं उत्तर येत नाही हो, येत असलेलं उत्तर कागदावर उतरतं, एवढंच. हा बुद्धीचा दोष नाही. मेंदूत अक्षर आणि आवाज यांची सांगड सहज बसत नाही आणि हे बऱ्याचदा घराण्यात चालत आलेलं असतं.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपलं लेखन बरंचसं उच्चाराबरहुकूम, त्यामुळे मूल रेटून रेटून शब्द बरोबर वाचतं आणि आपण निश्चिंत होतो. पण ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेलं असतं. तिथं चुका मोजून काही कळत नाही, वेग बघावा लागतो. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या यांवर तर हमखास अडतं. तुमच्या लेकीच्या मेहनतीतलं यात काहीच कमी होत नाही.

कोरेगावची काकू
मी मात्र फेरीच्या बाजूनं. माझ्या पुतण्याला आधी अंगारा लावला, मग छड्या बसल्या. डिस्लेक्सिया हा शब्दच घरात कुणी ऐकला नव्हता! तपासणी करा, पण ‘आमच्या पोराला असं काही नाही’ म्हणून बाप उठून गेला तर? चारचौघांत दहा आईबाप ‘आमचं मूल असं आहे’ म्हणत चालले, तर अकरावा घरातनं बाहेर पडेल. लाल दिव्यांनी नसेल, पण त्या चालणाऱ्या माणसांनी फरक पडतो.

माचीपेठेतली आई
काकू, छड्यांचं वाचून पोटात कालवलं. फेरी काढू, दिव्यांवरचा खर्च मात्र वाचवू. शेवट राजवाड्यावर फोटो काढून नको, जिल्हा परिषदेत तपासणीची लेखी मागणी देऊन व्हावा. कर्मवीरांनी 1919 मध्ये याच जिल्ह्यात काले गावी रयतची सुरुवात केली ती शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी. आमची मुलं शाळेत बसूनही बाहेरच आहेत.

जावळीतला गुरुजी
मागणीत एक ओळ माझी घाला. विशेष शिक्षक महिन्यातून ठरलेल्या दिवशी शाळेवर आला पाहिजे, फोनवर मार्गदर्शन नको. तेवढं झालं तर माझ्या वर्गाचं वाचन मी तपासतो. नुसता तक्ता भरून मागितलात तर माझा विरोध कायम.