मदत हवी आहे : अतिवृष्टीच्या यादीत वडिलांचं नाव, पण वडील आता नाहीत

नमस्कार मंडळी. आमची सीना नदीकाठी १ हेक्टर २० आर जिरायत जमीन. सप्टेंबर २०२५ च्या पुरात काढणीला आलेलं सोयाबीन गेलं. पाणी ओसरल्यावर शेंगा हातात घेतल्या तर आतले दाणे मोड येऊन काळे पडलेले. पंचनामा झाला तेव्हा वडील स्वतः बांधावर उभे होते. नोव्हेंबरात ते गेले.

आता सरकारी मदतीच्या यादीत त्यांचंच नाव आणि त्यांना मदतीसाठी दिलेला विशिष्ट क्रमांक आहे. हेक्टरी ८५०० प्रमाणे १०,२०० रुपये होतात, शिवाय रब्बीच्या बियाण्यांसाठीचे हेक्टरी १०,००० वेगळे. सेतूवाला म्हणतो, ई-केवायसीला (आधारवरून ओळख पटवायला) अंगठा लागेल. कुणाचा लावू? वडिलांचा फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढायचा राहूनच गेला होता.

वारस नोंदीचा अर्ज दिलाय. फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावातला बदल) धरला, पंधरा दिवसांची नोटीसही संपली, पण मंजुरी अडकली आहे. वारस तिघं : आई, मी आणि बहीण. बहीण संमतीपत्र द्यायला तयार आहे.

विचारायचंय ते असं : फेरफार मंजूर होण्याआधी आईच्या नावाने यादी दुरुस्त करून मिळते का? अर्ज तलाठ्याकडे द्यायचा की थेट तहसीलदारांकडे? संमतीपत्र साध्या कागदावर चालतं की स्टॅम्पवरच? आणि आईचं आधार दोन बँक खात्यांना जोडलंय, त्यातलं एक बंद पडलेलं. पैसे नेमके कुठे जातील ते आधी कसं तपासायचं?

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनीच कृपया सांगा. ऐकीव सल्ले गावात भरपूर मिळालेत.