मदत हवी आहे: अंटार्क्टिकाच्या जहाजाआधी आणि नंतर ब्यूनोस आयर्स, उशुआयात किती रात्री राहावं?

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरात आई, बाबा आणि मी अंटार्क्टिकाला जातोय. जहाजाचं पक्कं झालंय. १४ डिसेंबरला दुपारी अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआयाहून निघायचं, ड्रेक पॅसेज हा मधला समुद्र ओलांडून अंटार्क्टिक द्वीपकल्पापर्यंत जायचं आणि २४ला सकाळी परत उशुआयालाच उतरायचं. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, नकाशावर फळ्याच्या खालच्या कडेला असणारा हा खंड त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचाय. आम्ही सगळेच फार उत्सुक आहोत.

घोडं अडलंय ते जहाजाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दिवसांवर. जहाजाबद्दल वाचायला भरपूर मिळतं, पण आधी कुठे उतरायचं, किती दिवस हाताशी ठेवायचे, यावर जो तो दोन ओळींत आटपतो. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, चालतात उत्तम, पण गुडघ्यांमुळे चढ नको असतो. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. तिघांकडेही अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आहे, कारण ताई तिकडे असते.

आत्ताचा आराखडा असा: १२ला सकाळी मुंबईहून ब्यूनोस आयर्सला पोचायचं, एक रात्र तिथे, १३ला दुपारच्या विमानाने उशुआया, १४ला जहाज. परतल्यावर मात्र ब्यूनोस आयर्समध्ये चार रात्री, म्हणजे निवांत शहर बघता येईल. एक मैत्रीण म्हणते की एवढ्या लांब जाताय तर इग्वासूचा धबधबाही घ्या मध्ये.

हे जमण्यासारखं आहे का? आधीचे दिवस कमी पडतायत का? आई-बाबांना घेऊन उशुआयात कुठल्या भागात राहणं बरं? कपडे दोन ऋतूंचे न्यायचे तर बॅगांचं काय करायचं? आणि मला सुचत नसलेलं काही असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद : दक्षिणवारा

आधीचे दिवस कमी पडतायत, हे अगदी स्पष्ट सांगतो. नंतरच्या चारातल्या दोन रात्री उचला आणि पुढे आणा.

कारण सोपं आहे. परत येताना विमान चुकलं तर पुढचं मिळतं. जाताना जहाज चुकलं तर गेलं, ते कोणासाठी थांबत नाही आणि त्याला मधे कुठे गाठायची सोयही नाही. अर्जेंटिनात विमान कर्मचाऱ्यांचे संप अधूनमधून होतात, तिकडे त्याला 'पारो' म्हणतात. उशुआयात वारा हा कायमचा, त्यामुळेही विमानं रखडतात. आमच्या जहाजावर एक जोडपं आदल्या रात्री उशिरा पोचलं आणि त्यांच्या बॅगा पोचल्याच नाहीत. पुढचे सगळे दिवस त्यांनी इतरांनी दिलेल्या कपड्यांवर काढले. एक दिवस आधी आले असते तर बॅगा मागून आल्या असत्या.

म्हणून १० तारखेला ब्यूनोस आयर्स, तिथे दोन रात्री, १२ला सकाळच्या विमानाने उशुआया आणि तिथे दोन रात्री. १३चा पूर्ण दिवस रिकामा ठेवा. काहीच बिघडलं नाही तर तो दिवस तुमचा, बिघडलं तर तो तुम्हाला तारेल.

दुसरं म्हणजे विमानतळ. मुंबईहून जाणारं विमान एसेइसाला उतरतं, तो विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर बाहेर. उशुआयाची बरीच विमानं सुटतात आएरोपार्केहून, तो शहरातच, नदीकाठी. तिकीट काढताना हे नीट बघा. उतरल्या दिवशी लगेच दुसरा विमानतळ गाठायचा बेत ज्येष्ठांबरोबर करूच नका. मुंबईहून निघाल्यापासून एक अख्खा दिवस प्रवासात गेलेला असतो आणि घड्याळ साडेआठ तास मागे आलेलं असतं.

उशुआया डोंगराच्या पायथ्याला वसलंय. बंदराकडून वर जाणारा प्रत्येक रस्ता म्हणजे चढ आहे. सान मार्तीन हा मुख्य रस्ता आणि त्याच्याखाली समुद्रालगतचा माइपू, या दोघांच्या आसपास हॉटेल घ्या. मार्तियल हिमनदीच्या वाटेवरच्या हॉटेलांतून देखावा सुरेख दिसतो, पण प्रत्येक वेळी टॅक्सी लागते.

प्रतिसाद : डॉक्टरीणबाई

तुम्ही विचारलं नाहीत ती गोष्ट मी सांगते, कारण ती सगळ्यात आधी करायची आहे. यलो फीवरची, म्हणजे पीतज्वराची लस.

अर्जेंटिनात शिरायला ती लागत नाही, म्हणून ट्रॅव्हलवाले बोलत नाहीत. पण भारतात परत येताना लागते. आपल्या सरकारच्या यलो फीवरच्या देशांच्या यादीत अर्जेंटिना आहे, ब्राझीलही आहे. अशा देशातून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. जहाजावरचे दिवस मोजून सुटका होत नाही, कारण त्यानंतर तुम्ही पुन्हा अर्जेंटिनातच उतरणार. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग ते जन्मभर चालतं.

आता बाबांबद्दल. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. धोका तसा क्वचितच, पण म्हणून डोळे झाकून देऊ नये. आईंचंही वय साठच्या वर असेल तर त्यांनाही हेच लागू. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार यांपैकी काही असेल तर लस टाळतात. घरच्या डॉक्टरांशी आताच बोला. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे मिळते. वैद्यकीय कारणाने देता येत नसेल तर तसं लेखी प्रमाणपत्र असतं. ते दाखवल्यावर मुंबईत उतरताना काय करतील, हे विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाला जाण्याआधी विचारून घ्या.

इग्वासू मिसियोनेस प्रांतात आहे, आणि अर्जेंटिनात यलो फीवरचा खरा धोका त्याच भागात. लस न घेता तिकडे जायचंच नाही. माझं विचाराल तर या खेपेला तो धबधबा राहू द्या.

धागाकर्ती

डॉक्टरीणबाई, तुमचे किती आभार मानू! आमच्या टूर कंपनीने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आईही सत्तरीकडे आलीय. उद्याच दोघांना घेऊन डॉक्टरांकडे जाते.

दक्षिणवारा, १० तारीख पटली. तिकिटं अजून काढलेली नाहीत, त्यामुळे बदलता येईल. इग्वासू रद्द. बाबांना जरा रुखरुख वाटली, पण हरकत नाही म्हणाले.

आता खाणं आणि बॅगा यांवर कोणी लिहील का?

प्रतिसाद : रिओकाठचा

नोकरीनिमित्त ब्यूनोस आयर्सला राहतो, त्यामुळे खाण्याबद्दल हक्काने लिहितो.

आईंचे हाल होणार नाहीत, पण सावध राहावं लागेल. इथे 'कार्ने' म्हणजे गाईचं मांस. 'सिन कार्ने', म्हणजे कार्नेशिवाय, असं सांगितलंत तर चिकन किंवा हॅम घातलेलं ताट निरागसपणे पुढे येतं. म्हणून सगळं नाव घेऊन सांगायचं: नो कोमेमोस कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन, नी उएवो. कागदावर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा.

दुसरी गोष्ट चरबीची. न्याहारीला मिळणारे मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचे पाव, दोन जातींचे असतात: 'दे मान्तेका' म्हणजे लोण्याचे आणि 'दे ग्रासा' म्हणजे गुरांच्या चरबीचे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात. अंडं दोन्हींत असू शकतं, तेव्हा आईंसाठी साधा पाव आणि लोणी बरं. एम्पानादा, म्हणजे आपल्या करंजीसारखा तिखटमिठाचा प्रकार, मक्याचा किंवा चीज-कांद्याचा मिळतो, पण पारीत चरबी आहे का ते विचारा. चण्याच्या पिठाचा 'फाइना' पिझ्झाच्या दुकानांत मिळतो, तो आईंना नक्की आवडेल. पालेर्मो भागात शाकाहारी हॉटेलं बरीच आहेत. उशुआयात मात्र खेकडे आणि कोकराचं मांस यांचंच राज्य, तिथे पिझ्झा-पास्त्यावर भागवावं लागेल. थेपले, मेतकूट, लाडू आणायचे असतील तर अर्जेंटिनात काय आणू देतात ते आधी बघा. पण घरचं खाणं घेऊन अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर उतरता येत नाही.

जेवणाची वेळ रात्री नऊची. आठच्या आधी बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर उघडत नाही. आई-बाबांना लवकर जेवायची सवय असेल तर संध्याकाळी पाचला 'मेरिएन्दा' म्हणून चहा-खाणं असतं, तेच पोटभर करा.

राहायला रेकोलेता किंवा पालेर्मो. सान तेल्मो जुना, देखणा भाग, पण फुटपाथ उखडलेले आहेत, गुडघ्यांना त्रास होईल. हॉटेलचे पैसे परदेशी कार्डाने भरा आणि पासपोर्ट दाखवा, परदेशी पर्यटकांना मुक्कामावरचा २१ टक्के व्हॅट माफ असतो. अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असलेल्या भारतीयांना ऑगस्ट २०२५पासून अर्जेंटिनाचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी मुंबईतल्या अर्जेंटिनाच्या वाणिज्य दूतावासाकडून एकदा खात्री करा आणि जहाजावरून परतताना पुन्हा प्रवेश करायचाय हेही सांगा.

आणि एक मनापासूनची शिफारस. १९२४मध्ये पेरूला निघालेले रवींद्रनाथ टागोर वाटेत आजारी पडले आणि ब्यूनोस आयर्सजवळच्या सान इसिद्रोला मुक्कामाला राहिले. त्यांची सोय केली लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी. ते राहिले ते घर वेगळं, पण जवळच व्हिक्टोरियाबाईंचा वाडा आहे, व्हिला ओकाम्पो, तो त्यांनी युनेस्कोला देऊन टाकला. रेतिरो स्थानकावरून तिग्रेच्या लोकल गाडीने बेक्कारला उतरायचं. कुठल्या दिवशी उघडा असतो ते बघून जा. मोठी झाडं, सावली, नदीकडचा वारा. लांबच्या प्रवासानंतर ज्येष्ठांसाठी याहून चांगली दुपार मला माहीत नाही.

प्रतिसाद : दक्षिणवारा

बॅगांबद्दल. ब्यूनोस आयर्सला डिसेंबरात ऐन उन्हाळा, तीस अंशांच्या आसपास. उशुआयात दहा-बारा अंश आणि वारा. देशांतर्गत विमानाच्या स्वस्त भाड्यात चेक-इन बॅग धरलेलीच नसते, आणि धरलेली असली तरी वजनाची मर्यादा मुंबईच्या विमानापेक्षा कमी असते. म्हणून उन्हाळी कपड्यांची एक छोटी बॅग ब्यूनोस आयर्सच्या हॉटेलातच ठेवा आणि परतल्यावर त्याच हॉटेलात उतरा. बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात, बुकिंग करतानाच विचारायचं.

जाड जॅकेट निघण्याआधी विकत घेऊ नका. बऱ्याच जहाजांवर जॅकेट देतात आणि गुडघ्यापर्यंतचे बूटही वापरायला मिळतात. तुमच्या कंपनीला विचारा. वॉटरप्रूफ पँट मात्र तुमची हवी, नाहीतर उशुआयात भाड्याने मिळते. म्हणूनही १३ तारीख रिकामी हवी. कपडे स्वच्छ धुऊन आणा. किनाऱ्यावर उतरण्याआधी कपड्यांच्या शिवणी, व्हेल्क्रो, बॅगांचे कप्पे तपासतात, गवताची एखादी बीसुद्धा तिकडे जाऊ नये म्हणून. त्यांचं हे काम मला फार आवडलं.

औषधं, चष्मा, एक जोडी उबदार कपडे हे सगळं हातातल्या बॅगेत.

धागाकर्ती

किती आपुलकीने लिहिताय सगळे! बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. टागोरांचं ऐकून आईचा चेहरा उजळला.

डॉक्टरांनी दोघांचे कागद पाहिले. बाबांना लस द्यायला हरकत नाही म्हणाले. आईच्या संधिवाताच्या गोळ्यांमुळे तिच्याबद्दल ते तज्ज्ञांशी बोलणार आहेत. ठरलं की लिहीन.

आता एक अडचण उरलीय. २४ला सकाळी जहाजातून उतरल्यावर त्याच दुपारी ब्यूनोस आयर्सला जावं, की रात्र उशुआयात काढावी? आणि १३ तारखेला राष्ट्रीय उद्यान, बीगल खाडीची बोट असं दोन्ही करावं का?

प्रतिसाद : रिओकाठचा

२४च्या संध्याकाळी ब्यूनोस आयर्सला येऊ नका. ती इथली 'नोचेबुएना', नाताळची रात्र. दुपारनंतर दुकानं बंद होतात, बस-मेट्रो कमी होतात, जो तो घरी जेवायला जातो. दमून उतरलेल्या शाकाहारी आईंना घेऊन त्या रात्री जेवण शोधत फिरणं फार कठीण जाईल. उशुआयात राहा आणि हॉटेलातच जेवण मिळेल ना, हे आताच ठरवून ठेवा. तिथलीही बरीच जेवणाची हॉटेलं त्या रात्री बंद असतात. २५ला दुपारी इकडे या. त्या दिवशी शहर सुस्त असतं, पण झाडाखाली बसायला बागा आहेत. २६पासून सगळं सुरळीत. २७च्या रात्रीचं परतीचं विमान घ्या.

प्रतिसाद : दक्षिणवारा

सहमत. शिवाय जहाजातून उतरल्यावर दिवसभर जमीन पायाखाली डुलल्यासारखी वाटते, लगेच विमान नकोच.

बीगल खाडीची बोट वगळा, तुमचं जहाज त्याच खाडीतून बाहेर पडणार आहे. १३ला जुन्या तुरुंगातलं सागरी संग्रहालय बघा, गावातच आहे. तो तुरुंग १९४७मध्ये बंद झाला. राष्ट्रीय उद्यान २४साठी ठेवा. जहाजातून तुम्हाला आठ-नऊच्या सुमारास उतरवतील, हॉटेलची खोली दुपारी मिळेल, बॅगा तिथे टाकून गाडी करून निघा. कैद्यांना लाकूडतोडीला नेणाऱ्या रेल्वेच्या मार्गावर आता पर्यटकांची छोटी वाफेची गाडी धावते, ती बसल्या बसल्या उद्यानात नेते. २४ला ती किती वाजेपर्यंत चालू आहे ते आधी विचारा. पुढे लापाताइया खाडीपाशी राष्ट्रीय महामार्ग ३ संपतो, हा रस्ता ब्यूनोस आयर्सहून तीन हजारांवर किलोमीटर खाली येतो. तिथल्या पाटीपर्यंत गाडी जाते, चढ नाही. भूगोलाच्या मास्तरांना तिथे घाई करू नका.

धागाकर्ती

मग हे पक्कं करते: १० आणि ११ ब्यूनोस आयर्स, १२ आणि १३ उशुआया, १४ जहाज, २४ उशुआया, २५ आणि २६ पुन्हा ब्यूनोस आयर्स, त्याच रेकोलेतातल्या हॉटेलात. २४च्या जेवणासाठी उशुआयातल्या दोन हॉटेलांना आज लिहिलंय. एकाने अंड्याशिवाय करून देऊ म्हणून कळवलंसुद्धा.

आईच्या लसीचं काय ठरतं ते इथेच लिहीन. संधिवाताची औषधं चालू असताना कोणाच्या घरी हा प्रश्न आला असेल आणि मुंबईत उतरताना काय झालं हे कोणी सांगू शकलं, तर नक्की लिहा. तिकिटं त्याआधी काढत नाही.