गोठवणाऱ्या कणाला काय म्हणावं?

प्रश्न: मंडळी, ग्रीनलंड आणि आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या हिमगाभ्यांवर, म्हणजे जुन्या बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब दंडगोलांवर, मराठीत लिहिते आहे. ‘आइस न्यूक्लिएटिंग पार्टिकल’ला शब्द हवा. ढगातला शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत द्रवच राहतो. आत असा योग्य कण असला तर त्याआधीच गोठतो. ‘केंद्रक कण’ लिहिलं, पण वाचताना अणुभट्टी आठवते.

प्रतिसाद: ‘विरजण’ कसं वाटतं? ‘हिमविरजण’!

प्रतिसाद: ऐकायला गोड, पण अर्थ चुकतो. विरजणातले जिवाणू दुधात वाढतात आणि सगळ्या दुधाचं दही करतात. हा कण वाढत नाही, फक्त स्वतःचा थेंब गोठवतो. मोजणी त्यावरच तर उभी आहे! गाभ्याचा मळलेला बाहेरचा थर काढून आतला बर्फ वितळवतात, त्या पाण्याचे एकसारखे छोटे थेंब थंड पट्टीवर मांडतात आणि तापमान सावकाश उतरवतात. किती अंशांना किती थेंब गोठले, त्यावरून कणांची संख्या काढतात. म्हणून नुसतं ‘इतके कण’ म्हणणं अपुरं आहे. उणे १० ला निरुपयोगी ठरलेला कण उणे २० ला कामाला येतो. शब्द असा हवा की त्याच्याआधी तापमान सहज लावता यावं.

प्रतिसाद: मग ‘हिमबीज’ही नको. ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारण्याला आपण बीजारोपण म्हणतोच, घोटाळा होईल. ‘गोठणकण’ घ्या.

प्रतिसाद: कोकणात गोठण म्हणजे गुरं बसायची जागा, हो! ‘उडती तबकडी’सारखं ‘गोठवता कण’ म्हणा. ‘उणे १५ अंशांचे गोठवते कण’ छान बसतं.

प्रतिसाद: मलाही हेच पटतं. या शब्दात कण कशाचा, हे गृहीत धरलेलं नाही. फेल्डस्पार या खनिजाची धूळ असेल, नाहीतर स्यूडोमोनस सिरिंजीसारखा, शून्याखाली दोन-चार अंशांवरच बर्फ धरवणारा जिवाणू. यातला कोणता, ते ओळखायला तेच पाणी ९५ अंशांपर्यंत तापवून पुन्हा गोठवतात. प्रथिनांमुळे आलेली क्षमता तापवल्यावर मोडते, खनिजांची बरीचशी टिकते.

प्रश्नकर्ती: ‘गोठवता कण’ घेते, आभार! माझ्या लेखातलं वाक्य आता असं: ‘सुमारे पाच शतकांच्या थरांत गोठवत्या कणांची संख्या वरखाली होत राहिली, पण दीर्घकालीन वाढ दिसली नाही.’ ‘गाभा’ मात्र अजून खटकतो. केळीचा गाभा आतला असतो, हा तर वरपासून खालपर्यंत काढलेला दंडगोल. उसाच्या पेरांसारखे थर असतात, तर ‘हिमकांडं’ चालेल का?