मदत हवी आहे: रोमान्सच्या कव्हरवरून आतलं कसं ओळखायचं?
भाचीला (वय 14) रोमान्स वाचायचा होता म्हणून एक पुस्तक दिलं, गुलाबी कव्हर, कार्टूनमधली दोघं आणि मध्ये मांजर, मला वाटलं गोडगोड असेल तर तिसऱ्याच चॅप्टरला सगळं ओपन 🙈 ताईने फोन करून झापलं ते वेगळंच. हार्लेक्विन या रोमान्स छापणाऱ्या प्रकाशनाचं त्या मानाने बरं, लाइनच्या (म्हणजे पुस्तकांच्या मालिकेच्या) नावावरूनच कळतं, ‘प्रेझेंट्स’ म्हणजे गरमागरम, ‘लव्ह इन्स्पायर्ड’ म्हणजे एकदम सोज्वळ. बाकी कार्टून कव्हरं सगळी सारखीच दिसतात. काही लेखिका सुरुवातीला कंटेंट वॉर्निंग देतात पण सगळ्या कुठे देतात? तुम्ही घ्यायच्या आधी कसं चेक करता? आणि पुस्तक किती ‘गरम’ आहे ते सांगायला रिव्ह्यूमध्ये मिरच्या देतात ना, त्यात तीन मिरच्या म्हणजे नक्की किती हो?