सबक्वेरी की जॉइन? उचलीची बेरीज फुगली त्यावरून

रावेरकर: केळी खरेदीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. 'शेतकरी' आणि 'काटापावती' अशी दोन टेबलं. या हंगामात ज्यांनी माल घातला त्यांच्या उचलीची (आगाऊ दिलेल्या पैशांची) बेरीज हवी होती. मी इन लावून सबक्वेरी (क्वेरीच्या आत दुसरी क्वेरी) लिहिली. सीनियर म्हणाले, सबक्वेरी हळू चालते, जॉइन कर, म्हणजे दोन्ही टेबलं थेट जोड. केली, तर बेरीज फुगून बसली! ज्याच्या ७ पावत्या त्याची उचल ७ वेळा धरली. माझं मत, माल घातला की नाही एवढंच बघायचं तर सबक्वेरीच बरी.

यावलकर: सम डिस्टिंक्ट लाव, सारखा आकडा एकदाच धरेल, संपलं.

रावेरकर: दोघांची उचल २० हजारच असेल तर एकाची गायब होईल ना!

धुळेकर: चूक जॉइनची नाही भो, तुझी आहे. आधी पावत्या शेतकरीवार ग्रुप बाय कर, दर शेतकऱ्याची एकच ओळ होईल, मग जोड. सीनियर उगाच बोलत नाहीत. मायएसक्यूएल डेटाबेसच्या ५.५ आवृत्तीवर आम्ही भोगलंय. इनमधली सबक्वेरी बाहेरच्या प्रत्येक ओळीला नव्याने चालायची. रिपोर्ट लावायचा अन् चहा पिऊन यायचं.

रावेरकर: ग्रुप बाय करून जोडायचं, म्हणजे फ्रॉममध्ये सबक्वेरीच आली की!

चोपडेकर: ५.५ चं रडगाणं किती दिवस? २०१३ मध्ये ५.६ आलं तेव्हाच सेमी-जॉइन आलं, जुळणारी एक ओळ सापडली की पुरे. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एक्झिस्ट्स (अशी ओळ आहे का, एवढंच बघणारी अट) लिहून प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालेल त्याचा आराखडा, बघा, सेमी जॉइन असंच छापून येतं. मात्र गाव, वजन, दर छापायचे तर जॉइनच. सिलेक्टमध्ये एकाच टेबलावर चार-चार सबक्वेऱ्या कोंबणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

धुळेकर: अन् नॉट इनचं काय? काट्यावरच्या पोराने एका पावतीवर शेतकरी क्रमांक घातलाच नाही, नल (रिकामा) राहिला. 'माल न घातलेले' म्हणून यादी काढली तर कोरी! एरर नाही, काही नाही. सगळ्यांनी माल घातला समजून मालक खूश. लेफ्ट जॉइन करून (पावती नसलेले शेतकरीही ठेवून) इज नल बघितलं तेव्हा खरी नावं निघाली.

चोपडेकर: हे मान्य. पण नॉट एक्झिस्ट्सनेही निघाली असती, नल असला तरी. सबक्वेरीला कशाला झोडता, नॉट इनला झोडा. रावेरकर, तुझी क्वेरी खरंच हळू आहे का? प्लॅन दाखवणारं एक्स्प्लेन लावून बघितलंस?

रावेरकर: आत्ता लावलं. काटापावतीच्या शेतकरी क्रमांकावर इंडेक्सच (झटपट शोधायची सूची) नाही. 😐

धुळेकर: घ्या! आधी तो लाव. तरी मी जॉइनच लिहिणार.