मदत हवी आहे : शिसमाची बाइंडिंग पट्टी तुटून राहिली, रविवारच्या आत उपाय पाहिजे

ट्यूनिंग_गेलं (नागपूर)
मंगळवार, रात्री ९:४०
राम राम. दुपारपासून डोकं तापलंय म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. गिटारला शिसमाची बाइंडिंग (बॉडीच्या कडेला खाचेत बसवतात ती पट्टी) लावून राहिलो, अजून चिकटवली नाही, नुसती बसवून बघतोय. बाकी सगळीकडे पट्टी मस्त बसते पण कटअवेपाशी, म्हणजे मानेजवळ बॉडी आत कापलेली असते त्या वळशापाशी, आणली की कटकन तुटते. चार गेल्या, तीन उरल्या. भिजवून पाहिलं, हीटगन मारून पाहिली, दोन्ही मिळून पाहिलं. व्हिडिओत लोक अशी वाकवतात जशी काही शेवईच आहे. रविवारी माणूस गिटार बघायला येणार, ॲडव्हान्स घेतला होता तो खर्चूनही झाला. काय चुकून राहिलं ते सांगा. आणि प्लास्टिकची लाव असं कृपा करून कोणी सांगू नका.

बर्डीवाला
मॉड्युलर किचनच्या कडेला लावतात ती पीव्हीसी एज बँडिंग बघ ना भाऊ. लाकडाच्या डिझाइनमध्ये रोलच्या रोल मिळतात. स्टेजवर कोणाला कळणार आहे?

ट्यूनिंग_गेलं
शेवटची ओळ वाचली का बावा?

बर्डीवाला
प्लास्टिक नाही म्हटलं, पीव्हीसी म्हटलं.

खटपट्या
अर्धी माहिती पोटातच ठेवली तुम्ही. पट्टी किती जाड, किती उंच? गिटारचा आकार कोणत्या मॉडेलचा, टेलीकास्टरसारखा की लेस पॉलसारखा? तुटते ती आतल्या वळशात की कटअवेशेजारच्या शिंगाच्या टोकावर? टॉप, म्हणजे वरची फळी, सपाट की कोरलेला? भिजवली किती वेळ? हे कळल्याशिवाय जो सांगेल तो अंदाजपंचेच सांगेल.

रात्रीचा_रियाज
माझं ऐका, बाइंडिंग लावूच नका. पीआरएस कंपनीच्या कित्येक गिटारींवर कडेला फिकट रेघ दिसते ना, ती वेगळी पट्टी नसतेच, मेपल लाकडाच्या टॉपचीच कड असते. तेवढी कड रंगापासून वाचवायची, टेप लावून नाहीतर नंतर खरवडून. मी दोन गिटारींवर असंच केलं, खाच मारायची नाही की वाकवायचं नाही, एका संध्याकाळचं काम. इलेक्ट्रिकला बाइंडिंग म्हणजे नुसता दागिना, अकूस्टिकला निदान पातळ टॉपची कड तरी सांभाळते.

ट्यूनिंग_गेलं
खाच मारून झाली भाऊ. आता ती कुठं लपवू? आणि गिऱ्हाइकाला शिसमाचीच पाहिजे, काळपट कड आणि पांढरा टॉप असा फोटोच दिलाय त्याने.
खटपट्या दादा, लेस पॉलसारखा आकार आहे. बॉडी सागवानाची, इथं महाल भागात एक जुना वाडा पाडला तेव्हा चौकट मिळाली होती तिची. वर ६ एमएमचा मेपल, सपाट. पट्टीची उंची पण ६, म्हणजे टॉप आणि बॉडीचा जोड झाकला जातो. तुटते आतल्या वळशात. दोन दिवस बादलीत होत्या. शिसम लकडगंजातून आणलं, तिथंच आरा मशीनवर पट्ट्या पाडून घेतल्या.

सुतारवाडा
दोन दिवस गार पाण्यात ठेवून काय होणार, उकळायला पाहिजे. आमच्या धंद्यात तीस वर्षं झाली, आरामखुर्चीचे हात असो की गोल आरशाची चौकट असो, पातेल्यात उकळलं आणि साच्यावर शिकंज्याने आवळलं की दुसऱ्या दिवशी वाकलेलं. लाकूड पाण्यापुढे अडत नाही. ही हीटगन वगैरे रंग काढायला ठेवा.

खटपट्या
जाडी सांगा.

ट्यूनिंग_गेलं
नेहमीचीच आहे.

खटपट्या
नेहमीची म्हणजे किती हो? कॅलिपर लावून आकडा लिहा.

ट्यूनिंग_गेलं
३.१. राऊटरला जो रॅबेट बिट (कडेला खाच पाडायचं पातं) होता त्याने ३ ची खाच पडली म्हणून पट्टी पण तेवढीच पाडली, थोडी जास्त ठेवली घासायला. जाडीचा काय संबंध, लाकूड तर तेच आहे ना?

टक्केवारी
जाडीचाच संबंध आहे. वळशाची त्रिज्या २५ एमएम धरू. पट्टी ३ एमएमची असेल तर मधला थर बसतो २६.५ वर आणि पाठीकडचा थर २८ वर, म्हणजे पाठीच्या धाग्याला साडेपाच टक्क्यांहून जास्त ताणावं लागतं. तीच पट्टी दीडची केली तर ताण तीन टक्क्यांच्या आत येतो. वाकवायला लागणारा जोर तर जाडीच्या घनाने बदलतो, अर्धी जाडी म्हणजे आठवा हिस्सा. तुम्ही लेस पॉलच्या कटअवेत फळी वाकवून राहिले.

बर्डीवाला
फळी 😂

खटपट्या
टक्केवारींनी हिशोब सांगितला, मी हातचं सांगतो. लाकडी बाइंडिंग साधारण दीड ते दोन एमएम ठेवतात. राऊटरची खाच किती आत जाईल ते बिटवरचं बेअरिंग ठरवतं, कटरच्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा करायचा आणि भागिले दोन, पुढच्या वेळी हे आधी करा.
दुसरं, लाकडाची रेषा. उरलेल्या पट्टीच्या टोकाला पटाशी लावून बारीक धलपी सोलून बघा. धलपी पट्टीच्या कडेबरोबर सरळ गेली तर ठीक, दोन बोटांत बाहेर निसटली तर रेषा तिरकी चिरली गेलीय आणि ती पट्टी देवाने वाकवली तरी तिथूनच तुटणार. आरा मशीनवाला फळीची कड बघून कापतो, रेषा बघून नाही, त्याचा दोष नाही, त्याला दाराच्या पट्ट्या कापायची सवय.
तिसरं, उष्णता. हीटगनने वरचं साल तापतं, आत पोचेपर्यंत पाणी उडून जातं आणि लाकूड कोरडं होऊन कडक होतं. दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा फूटभर तुकडा शिकंज्यात आडवा पकडा, त्याच्या तोंडात हीटगन घुसवा, पाइपावर पाण्याचा थेंब टाकला की तो बसायला नाही पाहिजे, नाचत उडाला पाहिजे. पट्टी नुसती ओली करून, भिजवून नाही, पाइपावर टेकवायची आणि पाठीमागून पत्र्याची लवचिक पट्टी धरायची, म्हणजे पाठीच्या धाग्याला उसवायला जागा मिळत नाही. हाताने जोर नाही लावायचा, टेकवून थांबायचं. दहा-पंधरा सेकंदांत एकदम ढिली पडते, लोण्यात सुरी गेल्यासारखं कळतं हाताला. तेव्हाच वळवायची.

सुतारवाडा
म्हणजे आम्ही तीस वर्षं चुकीचं करत आलो?

खटपट्या
काका, तुमचा खुर्चीचा हात इंचभर जाड, त्याला उकळावंच लागतं. दीड एमएमच्या पट्टीला पाणी जास्त झालं तर ती सुकताना लाटा मारते आणि ओली चिकटवली तर आकसून फट सोडते. वस्तू वेगळी आहे एवढंच म्हणतोय.

मिरजेची_तार
आमच्या मिरजेत सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याला कडेने पट्टी लावतात, सेल्युलॉइडची पण आणि नक्षीची पण, पण त्याआधी भोपळा सुकवणं हेच खरं काम. कारागिरांच्या पिढ्या गेल्या त्यात, २०२४ मध्ये सतार आणि तंबोरा दोन्हीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला. इलेक्ट्रिकवाल्यांनी एकदा येऊन जवारी लावताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवताना, बघा.

ट्यूनिंग_गेलं
काका नक्की येईन, पण मला रविवारपर्यंत पट्टी पाहिजे. सोलून पाहिलं. तीनपैकी दोनात रेषा सरळ आहे, तिसरी तिरकी. त्या दोन मी रंध्याने दीडच्या करू शकतो. पण मग खाच ३ ची आहे त्याचं काय? दीड एमएमचा खड्डा दिसेल ना सगळीकडे. दोन पातळ पट्ट्या एकावर एक लावू म्हटलं तर तेवढा माल नाही.

हिरवी_पाटी
मध्येच विचारतो, हे शिसम म्हणजे आपलं काळं शिसव की उत्तरेकडचं शीशम? बाजारात दोन्हीला एकच नाव मारतात. शास्त्रीय नावाने दोन्ही डाल्बर्जियाच. बाहेर देशात पाठवणार असाल तर २०१७ पासून ही सगळी जात सायटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली पण सुट्या लाकडाला नाही.

बर्डीवाला
तो मानेवाड्याहून धरमपेठेत पाठवून राहिला गिटार, कुठलं सायटिस घेऊन बसले.

हिरवी_पाटी
माहिती असलेली वाईट नाही.

सुतारवाडा
पोरा, टॉप मेपलचा म्हणालास ना? मग टॉप कापताना उरलेल्या तुकड्यांतून मेपलचीच दीडची पट्टी काढ आणि खाचेत आतल्या बाजूला आधी ती बसव. मेपल मेपलला लागलं की वरून कोणाच्या बापाला कळत नाही. बाहेरून शिसम दीडचं. कड सहाची सहा झाकलीच जाते. मेपल तुकड्यातुकड्यांत जोडलं तरी चालतं, शिसम मात्र कटअवेत अखंड ठेव. दारावर फिलर मारतो तसंच आहे हे.

खटपट्या
काका, हे मला सुचलं नव्हतं. एकदम बरोबर. फक्त मेपल पण पाइपावरच वाकवा, उकळू नका.

सुतारवाडा
ते बघू.

रात्रीचा_रियाज
एवढा खटाटोप करण्यापेक्षा तो मेपल फिलर भरून कड रंगवून टाका ना, मी आधीच म्हटलं होतं.

ट्यूनिंग_गेलं
गुरुवार, रात्री ११:१५
वाकली!! पहिली घाई केली म्हणून पाठीला बारीक कपची उठली, दुसरी साफ वळली. खरंच एकदम ढिली पडते, मी श्वास रोखून धरला होता. आई विचारते जळका वास कशाचा. कपची उठलेली चालेल का?

खटपट्या
आतल्या वळशात ताण बसतो ती बाजू खाचेत जाते, दिसणारी बाजू दबलेली असते. कपचीखाली पातळ फेविक्विक पाजा, दाबून धरा, विसरून जा. शिंगाच्या टोकाला मात्र उलट आहे, तिथं दिसणारीच बाजू ताणली जाते. टोक फार टोकदार असेल तर वाकवूच नका, दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडा.
वाकवलेली पट्टी रात्रभर साच्यावर बांधून सुकवा, आत्ता ऑगस्टची हवा दमट आहे.

टक्केवारी
आणि मे महिन्यात कडेवरून बोट फिरवून बघा. सागवान आडव्या दिशेने थोडं आकसेल, पट्टी लांबीत आकसत नाही, खालच्या गोलाईत बारीक उंचवटा लागेल. ती चूक नव्हे.

ट्यूनिंग_गेलं
चिकटवताना आवळू कशाने? टेप पुरेल?

सुतारवाडा
सायकलची ट्यूब लांब चिरून गुंडाळ.

खटपट्या
ट्यूब बाहेरच्या गोलाईला उत्तम, पण आतल्या वळशावरून ती सरळ ताणून जाते, दाब बसतच नाही. तिथं ५० एमएमच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा वळशात बसवून शिकंज्याने आत दाबा.

बर्डीवाला
शेवटी पीव्हीसी लागलंच ना 😎

ट्यूनिंग_गेलं
शनिवार, रात्री १०:०५
बसली. आतल्या वळशात कागदाएवढी फट राहिली होती, शिसमाचा भुसा आणि फेविक्विकने भरली. काचेच्या तुकड्याने खरवडून लेव्हल केली. पण पॉलिश पेपर मारला तर शिसमाची लालसर धूळ मेपलच्या रेषांत शिरली, पांढरा टॉप कडेला गुलाबी दिसून राहिला. आता???

खटपट्या
पेपर खाली ठेवा. ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, स्पिरिटने तर नाहीच, रंग आणखी पसरेल. कोरड्या ब्रशने आणि हवेने धूळ काढा, गुलाबी झालेला भाग टॉपच्या बाजूने काचेने हलका खरवडा, मग मेपलवर आणि पट्टीवर पातळ चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात मारा. चपडा बसला की रंग सुटत नाही, पुढचं घासकाम त्यावरूनच.

सुतारवाडा
चपडा फडक्याने घासू नको, स्प्रेने मार, नाहीतर स्पिरिट शिसमाचा रंग ओढून मेपलवर आणेल.

खटपट्या
काकांशी सहमत, हे मी लिहायला विसरलो.

ट्यूनिंग_गेलं
रविवार, संध्याकाळी ६:३०
माणूस आला होता. कड बघितली, "छान" म्हणाला आणि लगेच गिटार गळ्यात अडकवून विचारतो, एवढी जड का? काट्यावर ठेवली, ४.७ किलो.

सुतारवाडा
वाड्याची चौकट आहे बाबा ती, हलकी कशी असेल.

रात्रीचा_रियाज
आतून पोकळ करायची होती. त्यावर माझा एक जुना धागा आहे, वर काढतो.