मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात ज्युनिपर आणि इतवारीतलं हाऊबेर

नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या कुंडीत चिनी ज्युनिपर (शोभेचं सूचिपर्णी झाड) आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की शेंडे तपकिरी पडतात. हिरवी जाळी लावू की भिंतीच्या सावलीत हलवू? नागपुरात कुणाचं झाड टिकलंय का, आणि माती कोणती वापरली? आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ज्युनिपरला तर निचरा हवा.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. मसाल्यात आणि जिन या दारूत पडणारे दाणे ज्युनिपरच्याच 'ज्युनिपेरस कम्युनिस' या जातीचे. आयुर्वेदात हपुषा किंवा हाऊबेर म्हणतात ते हेच. वनस्पतिशास्त्राने ते फळ नाही, मांसल शंकू आहेत, पिकायला २-३ वर्षं घेतात. त्यामुळे एकाच फांदीवर हिरवे आणि निळे-काळे दोन्ही दिसतात. शिवाय नर-मादी झाडं बहुधा वेगळी. 'सबिना' जात विषारी, म्हणून शोभेच्या झाडाचे दाणे घरात कुणाला चाखू देत नाही.

इतवारीत जडीबुटीवाल्यांकडे वाळलेलं हाऊबेर घ्यायचं आहे. अस्सल माल कसा ओळखायचा? आईला मूत्रपिंडाचा त्रास आहे, तिला हे नको असं वाचलंय. आयुर्वेदाच्या जाणकारांनी कृपया खात्रीने सांगावं.